कापताना एक अधिक

४ फेब्रुवारी

आजी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि बाबा आतल्या खोलीत टीव्ही लावूनही दोन्हीकडचं ऐकतात. पत्र बरं. तुझं पत्र फोडायची घरात कुणाची छाती नाही.

काम असं आहे. इथे बंदरावर माझी एक मैत्रीण पाण्याखाली मासे मारायची बंदूक बनवतेय. दारूगोळा काही नसतो, घाबरू नकोस. लांब दांडा, पुढच्या तोंडाला जाड रबरी नळीचे पट्टे. ते मागे ताणून भाल्याच्या खाचेत अडकवायचे, चाप ओढला की भाला सुटतो. श्वास धरून खाली जायचं, मासा समोर आला की सोडायचा. अख्खी लाकडाची केली तर पाण्यात ओंडक्यासारखी जड वळते, नुसत्या नळीची केली तर चाप बसवायला भक्कम जागा राहत नाही. म्हणून ती अर्धी-अर्धी करतेय. मागे लाकूड, त्यात चाप आणि मूठ. पुढे अल्युमिनियमची नळी, दोन्ही तोंडं बंद केलेली, म्हणजे आतल्या हवेने तरंगते.

इथलं लाकूड नवं, पाणी पितं आणि पिळवटतं. तिला जुनं, मुरलेलं सागवान हवंय. आजोबांच्या सुतारकामाच्या साठ्यातलं काही असेल ना? एकोणीस इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड, अशा तीन पट्ट्या. चित्र सोबत आहे.

बाबांना सांगू नकोस. त्यांना उगाच वाटायचं की मी ऑफिसच्या वेळेत असले उद्योग करते. बर्फाच्या कारखान्यातलं काम छान चाललंय.

तुझीच


११ फेब्रुवारी

बेडके,

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या आजोबांसारखं, लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागू नये असं. मी तिसरीत शाळा सोडली तरी माझं लोकांना वाचता येतं.

चित्र चष्मा लावून पाहिलं. मूठ डाव्या हाताची आहे. आपल्या घरात डावखुरं एकच माणूस निपजलं, ते तू. आता तुझी मैत्रीणही डावखुरी, तिलाही ओलं लाकूड आणि मुरलेलं लाकूड यातला फरक कळतो, आणि तिच्या उद्योगाचं तुझ्या बापाला सांगायचं नाही. फार सारख्या आहात गं दोघी. चपलाही एकच जोड घालता का?

शिवाय पाकीट झटकलं तर शिंपल्याचा चुरा पडला. बर्फाच्या कारखान्यात शिंपले कधीपासून बनवायला लागले? खोटं बोल, माझं काही म्हणणं नाही, मीही आयुष्यभर बोलले. पण पाकीट झटकून घ्यावं एवढी तरी अक्कल वापर.

साठ्याचं म्हणशील तर आजोबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तुझ्या बापाने सगळं लाकूड काढून दिलं. खोली रिकामी हवी होती. तिथे आता त्याची चालायची मशीन आहे. तिच्यावर कपडे वाळतात.

आणखी एक. त्याच्या कचेरीत तुझ्यासाठी जागा बोलून ठेवलीय, खिडकीजवळची. नुसती जागा नाही, स्वतः खुर्चीसुद्धा आणलीय, सागवानी, उंच पाठीची. पुढच्या खोलीत प्लास्टिकात गुंडाळून ठेवलीय. एप्रिल उजाडेपर्यंत तुझी नोकरी पक्की झाली नाही तर तुला आणून तिच्यावर बसवणार. रोज धूळ पुसतो. प्लास्टिकवरची.

आता खरं काय ते लिही. त्याशिवाय मी करवतीला हात लावणार नाही.

आजी


१८ फेब्रुवारी

आजी,

बरं. मैत्रीण नाही. मीच.

बर्फाच्या कारखान्यात मी तीन आठवडे टिकले. एक टेबल, एक रजिस्टर, आणि समोर बसणारा माणूस दर तासाला विचारायचा, "मग, आणखी काय?" सहा महिने झाले सोडून. तेव्हापासून मी बोटींचे तळ खरवडते. बुडी मारायची, तळाला चिकटलेले शिंपले पटाशीने काढायचे, वर यायचं. चुरा तिथलाच.

इथे एक जुना बोटमालक आहे, सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्याच्या बोटीवर बुडी मारून मासे मारणारे चारजण आहेत, त्यातला एक सोडून चाललाय. ती जागा मला हवीय. कप्तान म्हणाला, "तीस मार्चला ये. बंदूक स्वतःची आण. तीन बुड्या देईन. तिन्हींत मिळून एक मासा, तुझ्या बंदुकीच्या लाकडाएवढा तरी. मिळाला तर कायम, नाही तर तळ खरवड." दुकानातली बंदूक मागवली तर यायला दोन महिने. आणि त्या सगळ्या उजव्या हाताच्या.

नाही जमलं तर मला ती खुर्ची. आजी, मला खुर्चीचं स्वप्न पडलं. प्लास्टिकसकट.

लाकूड पाठव. बाबांना मीच सांगेन, पण जागा मिळाल्यावर.

तुझी बेडकी


१ मार्च

बेडके,

सहा महिने! आणि दर रविवारी फोनवर "आज ऑफिसात फार काम होतं" म्हणायचीस. रविवारी कसलं ऑफिस, हे तुझ्या बापाच्या डोक्यात आलं नाही म्हणून वाचलीस.

पार्सल मिळेल. तीन पट्ट्या, एकोणीस-एकोणीस, कानाकोपऱ्याला सरळ. तुझ्या आजोबांच्या घडीच्या फूटपट्टीने मोजल्यात. दोन दुपारी लागल्या, हे दोघं कामावर असताना. खांदा बोलतोय, पण खांद्याला बोलायला दुसरं कोण आहे.

आता ऐक. तिन्ही पट्ट्या आहेत तशा चिकटवू नकोस. मधली उलटी कर, शेंडा बुंध्याकडे. लाकूड आपल्या मनाने वाकायला बघतं. दोघी एकीकडे वाकायला गेल्या की मधली दुसरीकडे ओढते, आणि तिघी सरळ राहतात. तुझी आई, मी आणि तुझा बाप एका घरात असेच राहतो. दोन डब्यांतला मिसळायचा डिंक येतो तो लाव, शिकंज्यात आवळ, आणि दोन दिवस हात लावू नकोस. तुला दोन दिवस धीर धरवत नाही हे माहीत आहे, म्हणून तीन दिवस लिहिलं असं समज. भाला सरकायचा चर शेवटी पाड, आधी नको.

इकडे विशेष काही नाही. जेवणाच्या टेबलावर मोठं कापड घातलंय, जमिनीपर्यंत लोंबणारं. डाग पडतात फार. तुझी आई काल वाढताना म्हणाली, "अहो आई, टेबल लहान झाल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तुम्ही रुंद झालात.

आजी


११ मार्च

आजी,

तुला कधीपासून डागांची काळजी? जाऊ दे. घात झालाय.

लाकूड सुरेख होतं. तू सांगितलंस तसं चिकटवलं, दोन दिवस म्हणजे दोन दिवस थांबले. चाप बसवला, मूठ बसवली. लाकडाचं पुढचं टोक गोल तासून चार इंच नळीत घालायचं होतं, आणि आरपार बोल्ट मारायचा होता. नळीला भोक मी आधीच पाडून ठेवलं होतं, साडेतीन इंचांवर. पण टोक आत गेलं तीनच इंच. म्हणजे बोल्ट लाकडातून गेलाच नाही, लाकडाच्या पुढून नुसता हवेतून गेला. मला वाटलं डिंक धरेल.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून रबर ताणलं. धक्क्यावर कप्तान बसला होता, बाजूला त्याची निळी बादली. चाप ओढला आणि बंदूक मधोमध कोपरातून दुमडल्यासारखी दुमडली. नळीने मान वर केली. भाला पाण्यातून निघाला, धक्क्यावर चढला आणि बादलीच्या आरपार. भाल्याला दोरी बांधलेली असते, त्यामुळे मी ओढली तशी बादलीही माझ्याकडे आली. कप्तान म्हणाला, "मासा म्हटलं होतं." मग बराच वेळ हसत होता. सांध्याशी लाकूड चिरलंय. नळी वाचली.

चूक कुठे झाली ते सांगते. मला हवं होतं वीस इंच. माझ्या पोलादी टेपने मी वीसच मोजलं होतं. पण आजोबांच्या फूटपट्टीचा पहिला इंच तुटलाय, ती एकापासूनच सुरू होते, हे मला पाठ. लहानपणी तूच डोक्यात भरलंस, "एक वजा कर, एक वजा कर." तेव्हा तुला त्रास नको म्हणून मीच एक वजा करून एकोणीस लिहिलं.

आणखी एकदा जमेल का? एकोणीस दिवस उरलेत.

बेडकी


१५ मार्च

बिनडोक बेडके,

मोजताना एक वजा, कापताना एक अधिक. हे दोन भाग आहेत. तू पहिला ऐकलास आणि दुसऱ्याला पाण्यात उडी मारलीस. बनलेली वस्तू त्या पट्टीने मोजली की एक जास्त दिसतो, म्हणून वजा. पण वीस कापायचं तर रेघ एकविसावर मारायची, म्हणून अधिक. आणि मुळात तुटकी पट्टी माझ्याकडे, धड पट्टी तुझ्याकडे, तर वजाबाकी तू कशाला केलीस? मी बरोबर अधिक धरून नेमकं एकोणीस कापलं. शंभरदा कापलं असतं तरी एकोणीसच झालं असतं.

अशी चूक आपल्या घरात आणखी एकच माणूस करायचं. ते आता भिंतीवर फोटोत आहेत. पुढे कधीतरी सांगेन.

पार्सल पाठवलंय. वीस. नळीत घालायचं टोक मीच गोल करून दिलंय, नळीचं माप चित्रात होतं. बोल्ट दोन मार, एक आडवा, एक उभा. डिंकाच्या भरवशावर संसार चालत नाहीत, बंदूक काय चालणार.

लाकूड कुठलं हे आता सांगून टाकते, कारण तू विचारणार नाहीस आणि मला कुणाला तरी सांगायचंय. जेवणाचं टेबल. पाच फूट लांब, वर दोन बोटं. एका कडेने दोन इंचांची पट्टी उभी चिरली की विसाचे तीन तुकडे बरोबर निघतात, जणू तुझ्यासाठीच बेतलेलं. पहिल्यांदा माझ्या बाजूची कड चिरली, आता तुझ्या बापाच्या बाजूची, म्हणजे दोन्हीकडून सारखं दिसावं. कडा रंध्याने गोल केल्या, तेल पाजलं, वर कापड.

पण चार इंच गेले ते गेलेच. समोरासमोरच्या ताटांची टक्कर होते. काल तुझ्या बापाचा गुडघा तुझ्या आईच्या गुडघ्याला लागला. ती लाजली! लग्नाला तीस वर्षं झाली. मी पाण्याचा तांब्या आणायला उठले आणि परत यायला मुद्दाम वेळ लावला.

पहिल्या खेपेला तुझ्या एकोणिसाच्या कृपेने चार बोटांचा एक तुकडा उरला होता. पुढचं दार आपटू नये म्हणून तो खाली अडण लावलाय. वस्तू वाया घालवू नये.

मासा मार. पत्र नको, आधी मासा.

आजी


३१ मार्च

आजी,

मारला.

नीट सांगते. पहिल्या बुडीत खाली गेले, खडकाजवळ तीन मासे होते. मी इतकी घाबरले की रबर ताणायलाच विसरले. चाप ओढला, भाला आपला जागेवर. मासे बघत राहिले. दुसऱ्या बुडीत भाला सुटला, सरळ गेला, आजी, सुतासारखा सरळ, पण मासा आधीच निघाला होता. वर आले तर बाकीचे तिघे बोटीच्या काठावर हात टेकून बघत होते. कप्तान बादली मांडीवर घेऊन बसला होता. त्याच बादलीला ठिगळ लावलंय.

तिसऱ्या बुडीत खाली जाऊन खडकाला एका हाताने धरलं आणि नुसती थांबले. तू म्हणतेस ना मला धीर नाही. छाती फुटायला आली तेव्हा एक मोठा राखी मासा आडवा समोर आला आणि माझ्याकडे बघायला लागला, "मग, आणखी काय?" असं विचारणाऱ्या त्या ऑफिसातल्या माणसासारखा. मी चाप ओढला. बंदूक हलली नाही, वाकली नाही, कुरकुरलीसुद्धा नाही.

कप्तानाने मासा लाकडाशेजारी ठेवला. लाकडाच्या वर दोन बोटं भरला. मासा बाजूला करून तो बंदूकच बघायला लागला. नखाने सांधा शोधत होता, सापडेना. म्हणाला, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, आजीने. म्हणाला, "सोमवारपासून ये. आणि आजीला विचार, आणखी दोन होतील का. उजव्या हाताच्या."

आता बाबांना सांगायचं उरलंय. मासा मारणं सोपं होतं. पत्र लिहायला तीनदा बसले, तीनदा फाडलं. खुर्ची अजून तिथेच आहे का गं?

बेडकी


८ एप्रिल

बेडके,

तुला सांगायला नको. त्याला कळलं.

शनिवारी तो बूट घालायला दाराशी वाकला आणि अडण उचललं. उलटं केलं. खालच्या बाजूला शाईचा डाग होता, जांभळा, चौथीत असताना त्याने टेबलाखाली बसून शाईचं पेन झटकलं होतं तो. तुकडा घेऊन तसाच आत आला, एका पायात बूट. कापड ओढलं. टेबल बघितलं. मग मला म्हणाला, "आई, हे काय केलंस? बाबांच्या हातची घरात एवढी एकच चांगली वस्तू होती!"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "ती बाबांच्या हातची नव्हतीच."

"म्हणजे?"

"टेबल झालं त्या वर्षी ते शिडीवरून पडले, मनगट मोडलं. तीन महिने खाटेवर. लाकूड आणून पडलं होतं. मी केलं. ते खाटेवरून सूचना द्यायचे, मी हो म्हणायचे आणि उलट करायचे."

"पण सगळ्यांना तर सांगितलं होतंस..."

"बाईने केलं म्हटलं असतं तर लोकांना जेवायला बसायच्या आधीच ते डुगडुगलं असतं. आणि त्यांना काम मिळायला हवं होतं."

त्याला पटेना. मी म्हटलं, तुझ्या त्या पोलादी टेपने घरातली त्यांच्या हातची कपाटं मोज. तो खरंच मोजायला लागला, एका पायात बूट घालून. सहा फुटांचं कपाट, एक इंच कमी. तीन फुटांची मांडणी, एक इंच कमी. देव्हारा, एक इंच कमी. माणूस चांगला होता, हात चांगला होता, पण पट्टीचा पहिला इंच तुटला त्या दिवसापासून कापताना एक अधिक धरायला विसरायचा तो शेवटपर्यंत. मी रोज ओरडायचे, एक अधिक, एक अधिक. माझं टेबल तेवढं लांबीला बरोबर निघालं. रुंदीला मीच कमी केलं, ते माझं मी बघेन. माझं टेबल मी कापलं, कुणाच्या बापाचं काय जातं. हे जरा चुकीचं बोलले, त्याच्या बापाचंच सगळं चाललं होतं.

बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसला. मग विचारलं, "पण कापलंस कशासाठी?" मग सगळं सांगितलं. तुझी शेवटची दोन पत्रंही वाचायला दिली. बादलीवाल्या भागाला नाक पुसलं, हसला की काय कळलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "ती किती वेळ श्वास धरू शकते?"

मी म्हटलं, "तुझ्यासमोर सहा महिने धरून बसली होती."

त्याने पायातला तो एक बूटही काढला. त्या दिवशी कचेरीत गेलाच नाही.

कप्तानाच्या दोन बंदुकांसाठी सहा पट्ट्या हव्या. टेबल आणखी चिरलं तर ताटाऐवजी वाट्यांत जेवावं लागेल, आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांना आता सवय लागलीय, तिला आणखी जवळ नको. हे मी मोठ्याने म्हटलं. तुझा बाप पुढच्या खोलीत गेला. प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. खुर्ची उलटी धरून तो दारात उभा. म्हणाला, "मागचे पाय सरळ आहेत, चाळीस-चाळीस इंच. दोन बाय दोन. मधोमध कापून उभे चिरले तर आठ पट्ट्या होतील. कचेरीत तशीही खिडकीजवळ ऊन येतं."

करवत त्यानेच मागितली. बाबांची पट्टीही मागितली. मी नको म्हटलं, टेप घे म्हटलं, पण ऐकायचं नव्हतं. पहिल्या पायावर विसाला रेघ मारून कापला. एकीकडे एकोणीस, एकीकडे एकवीस. मी तोंड मिटून बसले, हे लिहून ठेव, असं रोज होत नाही. दुसरा पाय मी कापला. म्हणजे आठातल्या दोन वाया, उरल्या बरोबर सहा. वाया गेलेल्या दोन त्याने पुसून कपाटात ठेवल्या, कशाला ते विचारलं नाही.

पार्सल आज टाकलं. कप्तानाला सांग, उजव्या हाताच्या होतील, पण बादली दूर ठेवायची. तुझ्या बापाने पाकिटात वेगळी चिठ्ठी घातलीय. मी वाचली. तीन ओळी आहेत, दोन श्वासाबद्दल.

सुट्टी मिळाली की ये, येताना मासा आण. बसायचं कुठे म्हणून विचारू नकोस. तुझी खुर्ची पार्सलात आहे.

आजी